शेवटच्या दुरुस्तीला नाही म्हणा!

हार्लो फॉल्सच्या नगरकचेरीत जानेवारीच्या पहिल्या सोमवारी शपथविधी व्हायचा आणि त्यात लुडगर मिशो सगळ्यांच्या शेवटी उभा राहायचा. आधी महापौर, मग नगरसेवक, मग शाळा समिती, मग पाणीखातं, मग ग्रंथालयाचे विश्वस्त. एवढी मंडळी हात वर करून, फोटो काढून कॉफीच्या टेबलाकडे वळली, की कचेरीतली व्हर्ना ट्विचेल चष्म्यावरून पाहत पुकारायची, "कुंपणपंच!" तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असायच्या. पण लुडगरची चाल बघावी! नाटकातला राजा तिसऱ्या अंकात सिंहासनाकडे जातो ना, तसा तो त्या लाकडी मंचाकडे जायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, एका हातात हिरवी फेल्ट हॅट, दुसरा हात खांद्याच्याही वर. आणि आवाज असा, की कॉफी ओतणाऱ्यांचे हात थांबायचे.

पद जुनं होतं. गावात माणसांपेक्षा गाई जास्त होत्या त्या काळी शहराच्या सनदेत ते घातलं गेलं आणि कुणी काढलं नाही म्हणून राहिलं. दोन शेजाऱ्यांत कुंपणावरून वाजलं, तर मधे उभं राहून हद्द कुठली ते सांगायचं, एवढंच काम. पगार नाही, बिल्ला नाही. हॅटसुद्धा लुडगरने स्वतःच घेतलेली. जन्मभर त्याने शाळेची पिवळी बस चालवली होती, त्यामुळे आरडाओरडा करणाऱ्यांना शांत कसं करायचं हे त्याला ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांत त्याच्यापुढे आलेले खटले म्हणजे एक बकरी, एक वाढलेलं झुडूप आणि दोन सख्ख्या बहिणींची कपडे वाळत घालायची दोरी.

"वर्षातून एकदा शपथ घेतोस आणि वर्षभर सुट्टी घेतोस," त्याची बायको क्लोथिल्ड म्हणायची. "असली नोकरी पोपलासुद्धा नाही, म्हाताऱ्या."

म्हणायची खरं, पण डिसेंबर संपत आला की शर्टाला कांजी तीच करायची. कारण तिलाही माहीत होतं. लुडगरचा आजा क्यूबेकहून एक ट्रंक आणि एक खोकला घेऊन इथल्या कापडगिरणीत आला होता. त्यानंतर सगळे मिशो मागांवर उभे राहिले, आणि नगरकचेरीची पायरी चढले ते फक्त घरपट्टी भरायला. तिथे उजवा हात वर करणारा पहिला मिशो म्हणजे लुडगर. पहिल्या वर्षी त्याची आई टोपी घालून पुढच्या रांगेत येऊन बसली होती आणि रुमाल भिजेपर्यंत रडली. मुलगा महापौर झाला असंच तिला वाटलं होतं. ती मरेपर्यंत कुणीही तिचा गैरसमज दूर केला नाही. माझ्या मते हार्लो फॉल्सने एकमताने मंजूर केलेला तो एकमेव ठराव असावा.

तर असं हे पद रद्द करायचं ठरलं.

सनद जुनी झाली, तिच्यात दुरुस्त्या करायला हव्यात, म्हणून एक समिती नेमली गेली आणि समितीचा चिटणीस झाला हॉलिस विंचेल. हॉलिस म्हणजे लुडगरचा सख्खा शेजारी. दोन घरांच्या मधे फक्त लायलकची झुडपं. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा उंच, वाळका गृहस्थ अंगणातली गळालेली पानं गोळा करायचा तीसुद्धा सरळ रेषेत. इतक्या वर्षांत दोघांचं भांडण झालं नव्हतं आणि एकमेकांकडे कॉफीही झाली नव्हती. हॉलिस त्याला 'मिस्टर मिशो' म्हणायचा. लुडगर त्याला नुसतं 'हॉलिस' म्हणायचा आणि हॉलिसला ते आवडायचं नाही हे त्याला कधी कळलंच नाही.

आदल्या हिवाळ्यात चढावरच्या फुटपाथवर बर्फावरून घसरून हॉलिसचं मनगट मोडलं होतं. रस्त्यांचा बर्फ शहर काढायचं, फुटपाथचा मात्र ज्याचा त्याने. हॉलिसने प्लॅस्टरमधल्या हातानेच दुरुस्ती लिहिली: फुटपाथही शहरानेच साफ करावेत. बाकीच्या दुरुस्त्या समितीच्या होत्या, ही हॉलिसची. आणि मग एवीतेवी घर झाडतोच आहोत तर माळाही झाडावा म्हणून त्याने आणखी एक सुचवली: सनदेतली निरुपयोगी पदं काढून टाकावीत. डुकरं धरणारा, सरपण मोजणारा आणि कुंपणपंच. पहिली दोन पदं केव्हाची रिकामी होती.

लुडगरला ही बातमी कळली ती सेंट अ‍ॅनच्या चर्चमधल्या शनिवारच्या जेवणावळीत. गुळाच्या पाकात रात्रभर शिजलेल्या घेवड्याच्या बिया आणि वाफवलेला तपकिरी पाव असा तिथला बेत. समोर हॉलिस बसला होता. पावाची थाळी पुढे सरकवत तो म्हणाला, "मिस्टर मिशो, हे तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य आहे. नोव्हेंबरच्या मतदानात दुरुस्ती मंजूर झाली, तर नव्या वर्षापासून तुमचं पद रद्द होईल. यात व्यक्तिशः काही नाही."

"व्यक्तिशः नाही कसं? त्या पदावर व्यक्ती एकच आहे!"

"म्हणूनच ते सोपं आहे," हॉलिस म्हणाला आणि त्याने लोणी मागितलं.

लुडगरच्या हातातला चमचा तसाच राहिला. घरी आल्या आल्या तो कोट न काढताच तळघरात उतरला आणि बसच्या गॅरेजमधून निवृत्तीच्या वेळी भेट म्हणून मिळालेला पिवळ्या रंगाचा डबा घेऊन वर आला.

"काय रंगवणार आहेस?" क्लोथिल्डने विचारलं.

"पाट्या. लोकांनी मत देऊन मला काढलं तर काढू दे. पण मी आहे, हे तरी त्यांना आधी कळू दे."

आता पाटीवर काय लिहायचं? दुरुस्तीचा आकडा काही ठरत नव्हता. समितीच्या दर बैठकीत आकडे पत्त्यांसारखे पिसले जात होते. लुडगरची दुरुस्ती कधी सहावी होती, कधी सातवी, मग दोन गळाल्या आणि ती पाचवी झाली. एक पक्कं होतं, ती यादीत तळालाच असायची.

"आकडा लिहूच नकोस," क्लोथिल्ड म्हणाली. "'शेवटची' असं लिही. तुझा नंबर कुठेही शेवटचाच असतो."

टोमणा होता, पण सल्ला बरा होता. लुडगरने शाळेच्या बसच्या पिवळ्या रंगात, धुक्यातही दिसतील अशी अक्षरं काढली: कुंपणपंच वाचवा! शेवटच्या दुरुस्तीला नाही म्हणा!

लॉंड्रीसमोर, डोनटच्या दुकानापाशी, पुलाच्या दोन्ही टोकांना पाट्या लागल्या. सगळ्यात मोठी पाटी, जवळजवळ दाराएवढी, त्याने घराच्या बाजूला लायलकपाशी रोवली. मतदान व्हायचं ते चढावरच्या अग्निशमन केंद्रात, आणि तिथे जाणारा प्रत्येकजण ह्या पाटीसमोरूनच जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. हॉलिस. झोपायच्या कपड्यांवर ओव्हरकोट.

"मिस्टर मिशो, तुमची पाटी माझ्या जमिनीवर आहे."

"लायलकच्या अलीकडे आहे ती. माझ्या बाजूला."

"लायलक म्हणजे हद्द नव्हे. माझ्या सासऱ्यांना लायलक आवडायचे म्हणून त्यांनी ते लावले, आणि आमच्या जमिनीवर बरेच आत लावले. हद्दीची लोखंडी खूण कुठेतरी तुमच्या बाजूला आहे."

"कुठे?"

"ते मला माहीत नाही."

"मग पाटी तुझ्या जमिनीवर आहे हे कसं माहीत?"

हॉलिसने ओव्हरकोटाचं वरचं बटण लावलं आणि तो नगरकचेरीत फोन करायला गेला. व्हर्नाने सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "हे पोलिसांचं काम नाही, माझंही नाही. सनदेप्रमाणे असा वाद कुंपणपंचापुढे जातो."

"पण प्रतिवादी तोच आहे!"

"सनदेत पंच एकच आहे, विंचेल. दुसरा नेमायची सोय नाही. आणि 'एखादं कलम रद्द होईपर्यंत ते तंतोतंत पाळलं जावं' हे समितीच्या अहवालात पहिल्याच पानावर आहे. तूच लिहिलंयस ते."

हॉलिस नियमाचा माणूस. स्वतःच्या वाक्याला तो पाठ दाखवणार नव्हता. दोन दिवसांनी लुडगरच्या हाती रीतसर अर्ज पडला: कुंपणपंच लुडगर मिशो यांच्यापुढे, लुडगर मिशो यांच्याविरुद्ध. लुडगरने तो उभ्यानेच दोनदा वाचला. त्याला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर त्याच्या गालांवर लाली आली होती.

"काम मिळालं," क्लोथिल्ड म्हणाली. "अभिनंदन."

"दोन्ही पक्षांना नोटीस द्यावी लागते," तो गंभीरपणे म्हणाला. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन नोटिसा लिहिल्या. एक हॉलिसच्या पत्रपेटीत टाकली. दुसरी घेऊन क्लोथिल्ड मागच्या दाराने बाहेर गेली, पुढून आली आणि तिने दार ठोठावलं.

"लुडगर मिशो इथेच राहतात का?"

"तुझ्याशी लग्न झाल्यापासून."

"सही करा. आणि पाय पुसून घ्या, मी आताच फरशी पुसलीय."

मतदानाआधीच्या शनिवारी सकाळी सुनावणी झाली. लुडगरला वाटलं होतं, चार टाळकी येतील. पण ही बातमी डोनटच्या दुकानातून निघाली होती, आणि त्या दुकानातून निघालेली बातमी कधी अडखळत नाही. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले, थर्मास घेऊन आले, कुत्री घेऊन आले. सेंट अ‍ॅनच्या बायकांनी वाटाण्याच्या सुपाचं पातेलं मांडलं. हॉलिसची हिरवळ आणि लुडगरची हिरवळ मिळून एक नाट्यगृह झालं आणि रंगमंच झाला मधला लायलक.

नेपथ्य असं: दोन खुर्च्या. एकीवर हॉलिस, कोट, टाय आणि कागद. दुसरी प्रतिवादीची, रिकामी. मधे पंच, डोक्यावर हिरवी हॅट.

"प्रतिवादी हजर आहेत का?" पंचांनी विचारलं. मग हॅट काढून रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "हजर!"

हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "कुंपणच शेत खातंय, बघा रे!"

लुडगर उठला, हॅट घातली, आणि त्या दिशेने असं पाहिलं की बसमधल्या मागच्या बाकावरच्या सगळ्या पिढ्यांना ती नजर आठवली.

हॉलिसने आपली बाजू मांडली. सासऱ्यांनी जमीन घेतली तेव्हा कोपऱ्यात लोखंडी कांब ठोकलेली होती, लायलक तिच्या बरेच आत लावले गेले, वगैरे. सगळं कोरडं आणि सगळं नीट.

मग हॅट उतरवून प्रतिवादी उभे राहिले. "मी लायलकपर्यंत तीस वर्षं गवत कापतोय. कुणी हू की चू केलं नाही. मग जमीन माझी नाही तर कुणाची?"

हॅट डोक्यावर. "गवत कापल्याने जमीन होत नाही, मिस्टर मिशो. नाहीतर निम्मं गाव म्युनिसिपालिटीच्या माळ्याचं झालं असतं."

हॅट खाली. "पंच महाराज, तुम्ही विंचेलची बाजू घेताय!"

हॅट वर. "बसा खाली. नाहीतर बाहेर काढीन."

"बायकोने कालच काढलंय!" क्लोथिल्ड ओरडली आणि सुपाचं पातेलं हिंदकळेपर्यंत लोक हसले. हॉलिसच्यासुद्धा ओठाचा एक कोपरा हलला. पण तो सर्दीनेही हलला असेल.

आता कांब शोधायची होती. लुडगरने हातात पहार घेतली आणि लायलकपासून आपल्या घराच्या दिशेने टोचत टोचत निघाला. दोन पावलं, काही नाही. चार पावलं, काही नाही. लोक उठून मागून चालू लागले. मग तो क्लोथिल्डच्या वाफ्यात शिरला. रुबार्बचा वाफा. आपल्या चुक्याची सख्खी नातलग शोभेल अशी ही आंबट, लाल देठांची भाजी. तिचा क्लोथिल्ड जूनमध्ये जो 'पाय' नावाचा गोड, भाजलेला पदार्थ करायची, त्याच्यासाठी पाद्रीसुद्धा प्रवचन आटोपतं घ्यायचे. आता थंडीने पानं सुकून जमिनीला चिकटली होती. वाफ्याच्या घराकडच्या कडेला लुडगरने पहार टोचली आणि तिला काहीतरी लागलं. कठीण.

आवाज झाला नाही. लोक दोन हात मागे होते आणि कुणीतरी विनोद सांगत होतं. पण लुडगरच्या तळहाताला कळलं. दगड असा लागत नाही. कांब होती ती. पाटी तर सोडाच, हा अख्खा वाफा हॉलिसच्या जमिनीत होता.

तो तिथे थांबला. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर विषय संपला असता. 'सापडत नाही, जैसे थे' म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पाटी राहिली असती, वाफा राहिला असता. आणि स्वतःचंच कुंपण ज्याला सांभाळता आलं नाही त्याला कुंपणपंच म्हणून कोण मत देणार? सगळं गाव मागे उभं होतं आणि त्यातला प्रत्येकजण मंगळवारी मतदान करणार होता.

त्याने डोक्यावरची हॅट चाचपली. ती होती.

"इथे आहे," तो म्हणाला.

त्याने गुडघे टेकून हातानेच माती उकरली. गंजलेली कांब वर डोकावली आणि जमावातून, पडदा वर गेल्यावर होतो तसा, एक श्वास उमटला. लुडगर उभा राहिला, गुडघे झटकले आणि नगरकचेरीत शपथेला लावायचा तो आवाज लावला.

"निर्णय. पाटी अर्जदाराच्या जमिनीवर आहे. प्रतिवादीने ती सूर्यास्तापूर्वी काढावी. रुबार्बचा वाफाही अर्जदाराचा आहे."

"म्हाताऱ्या!" क्लोथिल्डच्या हातातला डाव खाली पडला. "ती मुळं माझ्या आईने पोत्यात बांधून आणली होती!"

"बाई, पंचांशी बोलताना शिस्त पाळा."

"हॅट काढ, मग सांगते तुला!"

टाळ्या अशा पडल्या की हॉलिसच्या रेषेतली सगळी पानं उडाली. हॉलिसने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "निर्णय नियमाला धरून आहे." त्याच्या तोंडून याहून मोठी दाद कुणी ऐकली नव्हती.

लुडगर त्या रात्री सोफ्यावर झोपला, पण सुखाने झोपला. कारण जो भेटेल तो पाठीवर थाप मारून हेच सांगत होता, "काळजी सोड! शेवटच्याला नाही म्हणायचं, झालं!"

मंगळवारी पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. मतदान केंद्राच्या दारापासून काही अंतरावर व्हर्नाने खडूने रेघ मारलेली, तिच्या आत प्रचार नाही. रेघेबाहेर लुडगर सकाळपासून पाटी घेऊन उभा. येणारी प्रत्येक गाडी हॉर्न वाजवत होती.

"शेवटच्याला नाही ना?"

"शेवटच्याला नाही!"

"बायको घरात घेते का?"

"जेवायला घेते!"

संध्याकाळी क्लोथिल्डने येऊन विचारलं, "तू मत दिलंस का?" तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मतदान संपायला थोडाच वेळ होता. तो पाटी तिच्या हातात देऊन धावत आत गेला.

आत ऊब होती आणि सुपाची वाफ होती. चष्मा पांढरा झाला. पुसला, परत पांढरा झाला. बंबवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणी हात मिळवला, कुणी "पंच महाराज आले!" असं ओरडलं. लुडगर पुठ्ठ्याच्या आडोशाआड शिरला, मतपत्रिकेवर नाक टेकवलं, महापौराचं वर्तुळ भरलं, नगरसेवकांची भरली. पुढच्या दुरुस्त्यांची भरत गेला आणि पानाच्या अगदी तळाशी आला. शेवटची. तिथे 'नाही'चं वर्तुळ त्याने असं भरलं, असं भरलं, की कागदाला खळगा पडला. मग यंत्राने कागद गिळला, व्हर्नाने त्याच्या छातीवर 'मी मत दिलं'चा स्टिकर चिकटवला, आणि तो बाहेर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मतदान संपल्यावर लाल बंबांच्या मधे उभं राहून व्हर्नाने निकाल वाचला. पहिली दुरुस्ती मंजूर. दुसरी मंजूर. तिसरी मंजूर.

"चौथी, फुटपाथवरचा बर्फ शहराने काढण्याबाबत. नामंजूर. प्रचंड बहुमताने."

लोक एकमेकांकडे बघू लागले. फुटपाथला विरोध होता कुणाचा? गावात एक माणूस सापडला नसता. हॉलिस बंबाच्या पायरीवर हळूच खाली बसला.

"पाचवी, निरुपयोगी पदं रद्द करण्याबाबत. मंजूर. थोड्या मतांनी." व्हर्नाने चष्मा काढला. "कोऱ्या मतांचा मात्र ढीग आहे. पाचवी मागच्या बाजूला होती. तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं, पान उलटा."

असं स्तब्ध प्रेक्षागृह मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. कुणी छताकडे बघत होतं, कुणी बुटांकडे, कुणी पाण्याच्या नळ्या मोजत होतं. सगळ्यांना एकाच वेळी कळलं होतं. शेवटच्याला नाही म्हणायचं म्हणून गावाने पानावरच्या शेवटच्याला मनापासून नाही म्हटलं होतं, आणि त्यात हॉलिसचे फुटपाथ गेले होते.

लुडगरला आठवला तो खळगा. त्याने घाईघाईने छातीवरचा स्टिकर काढून खिशात टाकला.

घरी जाताना क्लोथिल्ड म्हणाली, "मी पान उलटलं होतं. 'नाही'च केलं."

"तू? रागावली होतीस ना?"

"रागावलेच आहे. रुबार्बचं अपील कुणापुढे करणार होते मी? पंचच राहिला नाही तर?" थोडं चालून तिने विचारलं, "तू तरी उलटलंस ना?"

"घसरशील, हात धर," लुडगर म्हणाला.

पुढचा आठवडाभर मिशोंच्या घरी रांग लागली. लोक डोनट घेऊन आले, मटण भरलेले 'पाय' घेऊन आले, मान खाली घालून आले. "लुडगर, काय सांगू, मी पान उलटलंच नाही रे." लुडगर प्रत्येकाचा हात हातात घेऊन म्हणायचा, "होतं असं. चुकतो माणूस." इतक्या कळवळ्याने म्हणायचा, की लोक बाहेर जाऊन सांगायचे, काय दिलदार माणूस! क्लोथिल्ड स्वयंपाकघरातून पाहत राहायची आणि एक भुवई वर करायची.

मग डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. चढावरचा फुटपाथ नाहीसा झाला. लुडगर फावडं घेऊन बाहेर पडला तर पलीकडे हॉलिस, एका हाताने फावडं चालवत. मोडलेलं मनगट थंडीत अजून दुखायचं. दोघे आपापल्या बाजूने बर्फ काढत कांबेच्या रेषेवर येऊन थांबले.

"मिस्टर मिशो," हॉलिस म्हणाला, "मला तुम्हाला सांगायचं होतं. मी पान उलटलं होतं."

"आणि?"

"'होय' केलं."

"सुनावणीनंतरसुद्धा?"

"सुनावणी उत्तम झाली. पण पद निरुपयोगीच आहे. तुम्ही नाही आहात. पद आहे." त्याने श्वास घेतला. "हे तोंडावर सांगणं योग्य वाटलं."

लुडगर फावड्यावर रेलला. "हॉलिस, आठवडाभर माझ्या दारात सगळं गाव रडून गेलं. माझं नाव घेऊन हॉर्न वाजवणारे लोक, आणि एकानेही माझ्यापर्यंत वाचलं नाही. माझ्यापर्यंत पोचले ते फक्त तू आणि क्लोथिल्ड." मग त्याने घराच्या खिडकीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली घेतला. "माझंसुद्धा नाव लाव त्यात."

"कशात?"

"मी पण नाही उलटलं. चष्म्यावर वाफ होती. पानाच्या तळाला जी होती तिला नाही केलं."

हॉलिसने फावडं बर्फात रोवलं. विम्याचा माणूस, हिशेब करायला वेळ लागत नाही. "म्हणजे फुटपाथला."

"फुटपाथला."

"माझ्या."

"खळगा पडेपर्यंत," लुडगर म्हणाला.

मग हॉलिसच्या छातीतून एक विचित्र आवाज आला, वर्षानुवर्षं न उघडलेल्या फाटकासारखा. लुडगर घाबरून पुढे झाला. पण हॉलिस हसत होता. डोळे पुसत, मनगट धरून हसत होता. "म्हणजे... म्हणजे तू स्वतःच... अरे लुडगर!"

लुडगरने त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं, रेषा ओलांडली आणि हॉलिसच्या बाजूचा बर्फ उपसायला लागला. खिडकी उघडून क्लोथिल्ड ओरडली, "आपला जिना बाकी आहे, म्हाताऱ्या! आणि एवढं हसायला काय झालंय तुम्हाला?"

"काही नाही! काम चाललंय!"

हॉलिसने टोपी कानांवर ओढली. "हद्द ओलांडलीस तू," तो म्हणाला.

"मग अर्ज कर. महिनाअखेरपर्यंत मी पदावर आहे."

"करतो," हॉलिस म्हणाला. "पण तू आत ये आधी. कॉफी करतो."